हात कोणाच्या हुकमाने हलतो?



हा पाठ घरात मोठ्याने वाचावा आणि वाचण्यापूर्वी सर्वांनी एक साधी गोष्ट करावी. उजवा हात वर उचलावा आणि खाली ठेवावा. मुलांनी करावे, आजीनेही करावे. झाले? आता प्रश्न असा की, हा हात कोणी उचलला? "मी उचलला," असे आपण सगळेच म्हणू. पण तुम्ही ठरवले हे हाताला कळले कसे? हाताला कान नाहीत, डोळे नाहीत. मग निरोप गेला कुठून, कोणत्या वाटेने, आणि ती वाट मध्येच तुटली तर काय होते?

पूर्वी आपल्या वस्तीत याचे उत्तर ठरलेले असे. हात हलतो तो आतल्या जीवामुळे, आणि हलेनासा झाला की वारे गेले, बाहेरची बाधा झाली, कोणी करणी केली, देवीचा कोप झाला. दीक्षा घेतल्यावर आपण देव्हारा रिकामा केला. पण मध्यरात्री एखाद्या पोराला फिट येते, तोंडाला फेस येतो, डोळे फिरतात, तेव्हा भिंतीवरून उतरलेले देव मनातूनही उतरले आहेत की नाहीत याची परीक्षा होते. पुष्कळ घरांत त्या रात्री देवरुषी आठवतो. त्याला बोलावणाऱ्या आईला दोष देऊन काही साधणार नाही. पोराच्या डोक्यात त्या क्षणी काय चालले आहे, हे तिला कधी कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्यासाठी हा पाठ आहे.

कवटीच्या आत सुमारे तेराशे ते चौदाशे ग्रॅम वजनाचा, मऊ आणि सुरकुतलेला एक गोळा असतो. अक्रोड फोडून आतला गर पाहिला तर त्याचा अंदाज येतो. दोन अर्धे, आणि दोन्हींवर घड्या. शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पण आपण स्वस्थ बसलो असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा खातो. त्याला साठवण ठाऊक नाही. रक्त येत राहिले पाहिजे. चार-पाच मिनिटे रक्त पूर्ण थांबले तर त्याच्या पेशी मरू लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

या गोळ्यात चेतापेशी किती? ब्राझीलमधील संशोधकांनी २००९ साली मोजदाद प्रसिद्ध केली, तिच्यात सरासरी ८,६०० कोटींच्या आसपास आकडा आला. प्रत्येक पेशीला झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या असतात आणि एक लांब धागा असतो. काही धागे केसाहून बारीक आणि लांबीला तब्बल मीटरभर. कंबरेतल्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेला धागा एकाच पेशीचा असतो.

निरोप या धाग्यांतून जातो तो विजेच्या रूपाने. पण घरातल्या तारेत वाहते तशी ही वीज नव्हे. फटाक्याच्या वातीत ठिणगी जशी स्वतःच पुढचा भाग पेटवत सरकते, तशी ही धाग्यातून सरकते. फरक एवढाच की वात एकदा जळून संपते आणि धागा क्षणात पुन्हा तयार होतो. काही धागे जलद, सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जाणारे. काही मंद, सेकंदाला मीटरभरच. याचा पुरावा तुम्ही स्वतः घेतला आहे. अनवाणी चालताना पायाला ठेच लागते तेव्हा "लागले" हे आधी कळते आणि कळ मागाहून येते. स्पर्शाचा निरोप जलद वाटेने आलेला असतो, ठणका मंद वाटेने येत असतो. ठणका येणार हे माहीत असून आपण ओठ आवळून त्याची वाट पाहतो, तो हाच क्षण.

एका पेशीचा धागा दुसऱ्या पेशीला बहुधा चिकटलेला नसतो. मध्ये बारीक फट असते. ती फट निरोप कसा ओलांडतो हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली ऑस्ट्रियात दाखवले. त्याने बेडकांची दोन हृदये वेगवेगळ्या द्रवात धडधडती ठेवली. एकाला जोडलेला मज्जातंतू विजेने चेतवला, तेव्हा त्याची गती मंदावली. मग त्या पहिल्या हृदयाभोवतीचा द्रव काढून दुसऱ्याला दिला, तर तेही मंदावले! म्हणजे तंतूच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटत होते. लोवीला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३८ साली नाझींनी त्याला ज्यू म्हणून अटक करून देशाबाहेर काढले. ज्याच्या शोधामुळे माणसाच्या मेंदूचे रहस्य उलगडले, त्याचे माणूसपण जन्मावरून नाकारले गेले. असो. फिटवर डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांतील काही या फटींमध्ये काम करतात आणि काही धाग्यातली ठिणगी आवरतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे या. उजवा हात उचलताना हुकूम निघाला तो डोक्याच्या डाव्या भागातून. साधारण एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत पट्टा बांधावा, तशी मेंदूच्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी असते. तिथून हुकूम खाली उतरतो. मेंदूचा खालचा देठ, ज्याला लंबमज्जा म्हणतात, तिथे बहुतेक धागे बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. पुढे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरून दुसऱ्या पेशीला निरोप दिला जातो, आणि तिचा धागा थेट हाताच्या स्नायूपर्यंत पोचतो. स्नायू आकसतो. हात उचलला जातो. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात.

सगळेच हुकूम वरून येतात असे मात्र नाही. तापल्या तव्याला बोट लागले की हात मागे येतो तो मज्जारज्जूच्या पातळीवरच. वर मेंदूत भाजल्याची खबर पोचून "आई गं!" तोंडातून निघण्यापूर्वी हात सुटलेला असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळतो; दारूने तो बिघडला की माणूस कसा चालतो ते सांगायला नको. श्वास आणि हृदयाचे ठोके यांची व्यवस्था त्या देठातच आहे, म्हणून आपण झोपलो तरी श्वास चालतो.

इथे अभ्यासवर्गात हटकून एक प्रश्न निघतो. हुकूम मेंदूतून निघतो हे खरे, पण मेंदूला हुकूम कोण देतो? आत कोणी धनी बसला आहे की नाही? सतराव्या शतकात फ्रान्सचा तत्त्वज्ञ देकार्त याने मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका वाटाण्याहून लहान ग्रंथीकडे बोट दाखवून सांगितले, आत्म्याचे आसन हे. पुढे कळले की ती ग्रंथी रात्रीच्या अंधारात झोपेशी संबंधित एक रस सोडते, आसन वगैरे काही नाही. सबंध मेंदू धुंडाळूनही एकच एक राजा बसला आहे अशी गादी सापडलेली नाही. असंख्य पेशी एकमेकींना चेतवतात, एकमेकींना आवरतात, आणि त्यातून ठरते. भगवान बुद्धांनी आत्मा नाकारला आणि सगळे कारणांच्या साखळीने घडते असे सांगितले, ते मेंदूची चिरफाड करून नव्हे. म्हणून आजच्या विज्ञानाचे श्रेय ओढून आणण्याची गरज नाही. पण आत्मा न मानणाऱ्याला मेंदू समजून घेताना अडचण पडत नाही, एवढे नक्की म्हणता येते.

फिट म्हणजे दैवी प्रकार ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. प्राचीन ग्रीसमध्ये फेफऱ्याला "पवित्र रोग" असेच नाव होते. अंगात देव शिरतो म्हणून मंत्र, शुद्धी, अमुक खाऊ नका, काळे वस्त्र नेसू नका असे उपाय चालत. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी तिथे एक ग्रंथ लिहिला गेला. तो हिपोक्रेटिस या वैद्याच्या नावावरील ग्रंथांमध्ये मोडतो. त्यात लेखकाने स्वच्छ सांगितले की, हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र मुळीच नाही, त्याचे कारण मेंदूत आहे, आणि ज्यांना उपाय माहीत नव्हता त्यांनी आपले अज्ञान झाकण्यासाठी देवाचे नाव पुढे केले. त्याचे पुढचे स्पष्टीकरण चुकीचे होते. कफ शिरांमध्ये अडकतो म्हणून झटका येतो, असे त्याला वाटले. पण कारण शोधायचे कुठे, ती जागा त्याने बरोबर सांगितली. ॲरिस्टॉटलसारखा थोर विचारवंत त्यानंतर होऊन गेला; तो मात्र मेंदू म्हणजे रक्त थंड करण्याची सोय असे समजत राहिला. मोठ्या नावामागे डोळे मिटून जाऊ नये, ते अशासाठी.

खरा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८६० नंतरच्या दशकात फिटच्या रोग्यांकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली. लोक फिट आली की तोंड फिरवत, हे टक लावून पाहत. त्यांना दिसले की काही रोग्यांचा झटका सगळ्या अंगाला एकदम येत नाही. तो हाताच्या अंगठ्यात सुरू होतो. अंगठा फडफडतो, मग बोटे, मग मनगट, कोपर, खांदा. कधी अंगठ्यानंतर तोंडाचा कोपरा उडू लागतो. क्रम ठरलेला. जॅक्सन यांनी तर्क केला की मेंदूत शरीराचा नकाशा असला पाहिजे, आणि झटका त्या नकाशावरून शेजारून शेजारी सरकत असला पाहिजे. त्यांच्याजवळ तेव्हा जिवंत मेंदूवरचा प्रयोग नव्हता, फक्त निरीक्षण होते. १८७० साली जर्मनीत फ्रित्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावून दाखवली. एका जागी लावली की पुढचा पाय हलतो, दुसऱ्या जागी लावली की मागचा. तर्क खरा ठरला.

माणसाचा नकाशा तपशिलाने काढला तो कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी. १९३४ साली तिथे त्यांची संस्था सुरू झाली. गोळ्यांनी न थांबणाऱ्या फिटवर ते शस्त्रक्रिया करीत, आणि रोगी जागा असताना करीत. ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची कातडी बधिर केली की पुरे. कापण्यापूर्वी कोणती जागा कशाची आहे हे कळावे म्हणून ते मेंदूवर बारीक विद्युत्‌काडी टेकवीत. रोग्याचा अंगठा हले. आणि रोगी सांगे की, हे मी केले नाही, डॉक्टर, तुम्ही केले.

या वाक्यापाशी थोडे थांबा. हात स्वतःचा, हलला खरा, पण आपण हलवला नाही अशी स्पष्ट जाणीव! आपल्याकडे फिटमधून शुद्धीवर आलेला माणूस सांगतो, "मला कोणीतरी धरून हलवले." तो खोटे बोलत नाही. हुकूम त्याच्या इच्छेतून निघाला नव्हता, मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी आपणहून भडकल्या होत्या. मॉन्ट्रिअलमध्ये ते काम विजेच्या काडीने केले, इथे रोगाने केले. तिसरा कोणी तिथे नव्हता.

पेनफिल्ड यांच्या नकाशात हात आणि तोंड यांना भलती मोठी जागा आहे, पाठीला अगदी थोडी. हुकमाच्या पट्टीला लागूनच मागे स्पर्शाची पट्टी असते, तिथेही तसेच. मुलांनी हा प्रयोग घरी करावा. काडीपेटीतल्या दोन काड्या घ्या, गूल नसलेली टोके एकमेकांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरा. भावंडाने डोळे मिटावेत. त्याच्या बोटाच्या टोकावर हलकेच दोन्ही एकदम टेकवा; दोन काड्या आहेत हे तो बरोबर सांगेल. मग त्याच अंतराने पाठीवर टेकवा; तो एकच म्हणेल. पाठीवर दोन कळायला काड्या तीन-चार सेंटिमीटर लांब न्याव्या लागतात. कातडी तीच, पण बोटासाठी मेंदूने पेशी जास्त दिल्या आहेत.

आणखी एक. या नकाशात अंगठ्याची जागा चेहऱ्याच्या जागेला लागून आहे. शरीरात अंगठा आणि ओठ यांच्यामध्ये सबंध हाताचे अंतर; मेंदूत मात्र ते शेजारी. म्हणूनच जॅक्सन यांच्या रोग्यांत अंगठ्यापाठोपाठ तोंडाचा कोपरा उडत होता. आता देवरुषाला विचारावे, अंगात शिरणाऱ्या देवीला किंवा भुताला लंडनच्या आणि मॉन्ट्रिअलच्या डॉक्टरांनी शोधलेला नकाशा पाठ असतो काय? ती अंगठ्यातून शिरून नेमकी त्याच क्रमाने का सरकते?

हा नकाशा गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, उच्चवर्णीयांचा वेगळा आणि आपला वेगळा असा नाही. मॉन्ट्रिअलचा सर्जन जिथे हाताची जागा शोधतो तिथेच मुंबईचा सर्जन शोधतो, मग टेबलावर कोणीही असो. मेंदूच्या आकारावरून माणसांच्या पायऱ्या लावण्याचा उद्योग मात्र शास्त्राच्या नावाने झालेला आहे, आणि तो करणारे अडाणी नव्हते. पॅरिसचे पॉल ब्रोका यांनी १८६१ साली एका रोग्यावरून बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात पुढच्या बाजूला असल्याचे दाखवले. तो रोगी एकच अक्षर उच्चारू शकत असे. हा शोध आजही मोलाचा आहे. त्याच ब्रोकांनी कवट्या मोजून, मेंदू तोलून काही वंश आणि सर्व स्त्रिया बुद्धीने कमी असे ठरवले. हे मोजमाप किती पोकळ होते पाहा. रशियाचे लेखक तुर्गेनेव्ह यांचा मेंदू दोन हजार ग्रॅमहून जास्त भरला, आणि १९२१ साली साहित्याचे नोबेल मिळवणारे फ्रान्सचे आनातोल फ्रान्स यांचा भरला १,०१७ ग्रॅम. जवळजवळ निम्मा. मेंदू तराजूत घालून अक्कल कळत असती, तर नोबेल समितीने काटा विकत घेतला असता.

आता फिटकडे. चेतापेशी एरवी आळीपाळीने चेततात आणि शांत होतात. पेशींचा एखादा समूह एकदम, एकाच तालात भडकला आणि ते लोण पसरले, म्हणजे फिट. सगळ्या मेंदूत पसरले तर शुद्ध जाते, अंग ताठते, मग झटके येतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. १९२० च्या दशकात जर्मनीतील हान्स बर्गर यांनी कवटीवर तारा लावून मेंदूच्या या विजेची नोंद कागदावर घेण्याची रीत काढली; आज ती तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. कारणे अनेक आहेत: जन्मावेळी बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, गाठ. पुष्कळदा कारण सापडतही नाही, तरी गोळ्या लागू पडतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात आकडी येते, ती बहुतेक मुलांत मोठेपणी राहत नाही.

एका कारणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण त्यावरून आपल्या लोकांना टोमणे ऐकावे लागतात. डुकरातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि फिट येतात. भारतात हे नेहमी आढळणारे कारण आहे. पण मेंदूत जाणारी अळी मांस खाल्ल्याने थेट जात नाही. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्या अंड्यांतून ही अळी निघते. म्हणून जन्मभर मांसाला न शिवलेल्यांनाही हा रोग होतो. उपाय आहे तो संडास, साबण आणि स्वच्छ पाणी. मांस खात असाल तर ते पूर्ण शिजवावे, म्हणजे पोटात कृमी होणार नाही.

फिट आली तर काय करावे? घड्याळ पाहावे. रोग्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. डोक्याखाली घडी केलेले कापड द्यावे, गळ्यापाशी कपडा सैल करावा, चूल, विळी, दगड दूर सारावे. त्याला दाबून धरू नये. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. दात तुटतात, पाणी फुप्फुसात जाते. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, हातात किल्ल्यांचा जुडगा देणे याने काही होत नाही. तुम्ही म्हणाल, आमच्या डोळ्यांसमोर चप्पल लावली आणि फिट थांबली. बरोबर आहे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, आणि चप्पल शोधून आणायला तेवढाच वेळ लागतो. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, किंवा शुद्ध न येताच दुसरी फिट आली, तर मात्र इस्पितळ. १०८ क्रमांकावर फोन करावा.

अंगात येणे हा प्रकार याहून निराळा आहे. तिथे पेशींचा भडका नसतो. डफाचा ताल, धूप, जागरण, जमलेल्या लोकांची अपेक्षा आणि मनात साठलेले दुःख यांनी माणसाचे भान हरपते. प्रत्येक वेळी ते ढोंगच असते असे म्हणणे बरोबर नाही. घरात जिचे कोणी ऐकत नाही अशी सून अंगात आल्यावर बोलते आणि मग सगळे हात जोडून ऐकतात, हे आपण पाहिलेले आहे. तिला अंगारा नको आहे, एरवीच्या दिवशी तिचे ऐकणारे माणूस हवे आहे, आणि गरज पडली तर मनाचा डॉक्टर. भूत उतरवायचे म्हणून दोरीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट लकव्याची. सकाळी उठून चहाचा कप उचलायला जावे आणि हात उचलू नये, तोंड एका बाजूला ओढले जावे, बोलायला जावे तर शब्द बोबडा यावा. खेड्यात म्हणतात वारे गेले. वारे कुठे जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. उजवा हात आणि वाचा पुष्कळदा बरोबर का जातात, हेही आता तुम्हांला सांगता येईल. बहुतेक माणसांत बोलण्याची जागा डाव्या मेंदूत, उजव्या हाताची आणि तोंडाची जागाही डाव्या मेंदूत, आणि या सर्वांना एकच मोठी रक्तवाहिनी रक्त देते. पायाची जागा वर दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीत आहे, तिला दुसरी रक्तवाहिनी. म्हणून अशा झटक्यात हात निकामी होऊनही पाय थोडाफार चालतो. करणी करणाऱ्याला एवढा हिशेब येत नाही.

वर सांगितले होते की मेंदूला साठवण नाही. वाहिनी बंद पडली की मधल्या भागाच्या पेशी मिनिटांत मरतात, पण कडेच्या पेशी काही तास तग धरून असतात. त्या वाचवण्यासाठी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, आणि ते साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वाहिनी फुटलेली असेल तर हेच इंजेक्शन घातक, म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन हवा. तेव्हा जिथे हे यंत्र आहे अशाच इस्पितळात न्यावे, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगावे. कोणी पारव्याचे रक्त चोळायला सांगतो, कोणी अमुक गावच्या औषधाला न्यायला सांगतो. त्या गावाला जाऊन येईतो साडेचार तास संपतात. तोंडात पाणी किंवा काढा ओतू नये. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो बहुधा दुखत नाही, म्हणून चाळिशीनंतर मोजून घ्यावा. झटका येऊन गेलेल्या माणसाला अंथरुणात निजवून ठेवू नये. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी सरावाने काही काम उचलतात. पहिल्या काही महिन्यांत रोजचा व्यायाम फार मोलाचा असतो.

आता मुलींच्या आयांसाठी. फिट येणाऱ्यांपैकी शंभरात सत्तरांच्या आसपास लोक योग्य गोळ्यांनी फिटशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी रोज, ठरल्या वेळी आणि डॉक्टर सांगतील तितकी वर्षे घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून एकदम बंद केली की झटका पूर्वीपेक्षा जोराने येऊ शकतो. तरीही मुलीच्या लग्नाच्या वेळी गोळ्या लपवल्या जातात, सासरी त्या घेता येत नाहीत, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती चुलीपाशी पडते. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यात लग्नाला अडथळा ठरणाऱ्या गोष्टींमध्ये १९७६ साली फेफऱ्याचे झटके घातले गेले होते. १९९९ साली ते शब्द काढून टाकण्यात आले. म्हणजे फिट येते म्हणून मुलगी लग्नाला अपात्र, असे आता कायदाही म्हणत नाही. बोलणी चालू असतानाच मुलाकडच्यांना गोळ्यांचे पाकीट दाखवावे. जे ऐकून उठून जातील त्यांना जाऊ द्यावे. लग्न झाल्यावर मूल होऊ देण्यापूर्वी तिने आपल्या डॉक्टरांना भेटावे, कारण यातील काही औषधे पोटातील गर्भाला अपाय करतात आणि ती आधीच बदलून घेता येतात. मात्र दिवस गेले हे कळल्यावर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये. त्याच आठवड्यात इस्पितळात जाऊन विचारावे.